कापणारा वायू, विझवणारा वायू

१९६४ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत पंचविशीतल्या एका संशोधकाने काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड वायू भरला, त्यातून वीज सोडली आणि डोळ्यांना न दिसणारा एक किरण मिळवला. संशोधकाचे नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म २ जुलै १९३८, गाव बारामती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेलमध्ये रुजू झाले. आज टेबलावर मावणाऱ्या, काचनळीच्या लेझर कटरमध्ये प्लायवूड आणि ॲक्रिलिक कापतो, तो हाच किरण.

त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९२४ मध्ये, बेल टेलिफोन कंपनीपुढे वेगळी अडचण होती. टेलिफोनच्या स्विचबोर्डांना आग लागली की पाणी मारता येत नसे. पाण्यातून वीज वाहते आणि आगीतून वाचलेल्या तारा पाण्याने निकामी होतात. कंपनीच्या मागणीवरून वॉल्टर किडी यांच्या कंपनीने उंच धातूचा सिलिंडर तयार केला, त्यात दाबाखाली साडेसात पौंड कार्बन डायऑक्साइड भरला आणि नळीच्या टोकाला कर्णा जोडला. वायू सुटायचा, आग गुदमरायची, मागे काहीच उरायचे नाही.

एकच वायू, आणि दोन्ही वेळा बेलचा संबंध. घरात लेझर कटर आणणाऱ्याला पडणारा प्रश्न, म्हणजे शेजारी कोणता अग्निशमन सिलिंडर ठेवायचा, या दोन गोष्टींच्या मधोमध उभा आहे. त्याचे उत्तर दुकानाच्या फळीवर तयार मिळत नाही. ते गेल्या दोनशे वर्षांच्या आगींच्या इतिहासात सापडते.

पटेल यांच्या त्याच बारामतीहून निरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोमेश्वरनगर लागते. असा लेझर कटर तिथल्या एखाद्या घरात आला आहे, असे धरून हे उत्तर शोधू. करंजे गावचे सोमेश्वराचे देवस्थान, निरा डाव्या कालव्याचे पाणी आणि सोमेश्वर सहकारी साखर कारखाना ही या परिसराची ओळख. इथल्या माणसाला आगीची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. गळीत हंगामाच्या तोंडावर बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी पडते, आणि पुढचे काही महिने उसाच्याच चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, वाफ तयार होत राहते. शेतात पाचट पेटते. उन्हाळ्याच्या तोंडी विजेच्या तारांची ठिणगी उभ्या फडात पडली, तर पाहता पाहता ऊस जळतो, आणि मग तो 'जळीत ऊस' म्हणून घाईने तोडून कारखान्याला घालावा लागतो.

कारखाने येण्याआधी ही आग गुऱ्हाळावर होती. चुलवणात चिपाड घालणारा माणूस काहिलीतला रस आटेपर्यंत जाळासमोरून हलत नसे. जाळ वाढला तर गूळ करपतो, मंदावला तर रस बिघडतो. आगीजवळ सतत माणूस हवा, हा नियम या मुलखात यंत्रांच्या फार आधीपासून पाळला गेला. लेझर कटरच्या बाबतीतही तोच पहिला नियम आहे, आणि तो सिलिंडरच्या निवडीहून मोठा आहे.

आग लागल्यावरची पहिली पाच मिनिटे हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात कात्रजहून आणलेले पाणी खेळत होते, हौद होते, कारंजी होती. तरीही २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाडा पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. सागवानी खांब, तुळया आणि माड्या गेल्या. तट, बुरूज आणि जोती तेवढी उरली. पाणी जवळ असणे आणि ते सुरुवातीलाच आगीच्या मुळाशी पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक ओळखणारा माणूस त्याच काळात इंग्लंडमध्ये होता. कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी यांनी एडिंबरातल्या आगीत वरच्या मजल्यांपर्यंत पाणी पोचत नसल्याचे पाहिले होते. १८१८-१९ च्या सुमारास त्यांनी तांब्याचे एक भांडे बनवले. त्यात साधारण तीन गॅलन, म्हणजे १३ ते १४ लिटर, पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण आणि वर दाबलेली हवा. तोटी उघडली की धार सुटे. एका माणसाने उचलून जिन्याने वर न्यावे असे हे साधन. आजचा प्रत्येक लाल सिलिंडर त्याच कुळातला आहे.

कार्बन डायऑक्साइड या कहाणीत आला तो हमाल म्हणून. १८६६ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा कार्लिए यांनी सोडा-आम्ल पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे रूढ झालेल्या रूपात भांड्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि वर सल्फ्युरिक आम्लाची बाटली असे. दोन्ही एकत्र आले की वायू फसफसून तयार होतो आणि पाण्याला जोराने बाहेर ढकलतो. आग विझते ती पाण्याने. वायू फक्त ते वाहून नेतो. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या विज्ञानात याच साधनाची आकृती काढली. नाट्यगृहे, कचेऱ्या आणि गिरण्यांच्या भिंतींवर ते गोल बुडाच्या लाल बादल्यांच्या शेजारी टांगलेले असे. बादलीचे बूड गोल अशासाठी, की ती खाली टेकवता येऊ नये आणि कुणी दुसऱ्या कामाला पळवू नये.

१९०४ मध्ये वायूला दुसरे काम मिळाले. बाकूच्या तेलखाणींच्या परिसरात शिकवणाऱ्या अलेक्सांद्र लोरान यांनी जळत्या तेलावर पाणी निरुपयोगी ठरते हे पाहिले होते. पाणी जड, ते तेलाखाली जाते आणि तेल वर तरंगत जळतच राहते. त्यांनी दोन द्रावणांपासून फेस तयार केला. फेसाच्या बुडबुड्यांत होता कार्बन डायऑक्साइड. हा फेस तेलावर पसरून हवा तोडत असे. मग १९२४ मध्ये, किडींच्या सिलिंडरात, वायू पाण्याविना आणि फेसाविना एकट्याने आगीसमोर आला.

मधल्या काळात एक चुकीची वाटही चोखाळली गेली, आणि ती विसरण्यासारखी नाही. १९१० नंतर पायरीन कंपनीचे पितळी हातपंप लोकप्रिय झाले. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असे. विजेच्या आगीवर चालते, डाग पडत नाही, मोटारगाडीत मावते. पण तापलेल्या पृष्ठभागावर त्यापासून फॉस्जीन तयार होतो, आणि फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. बंद खोलीत यंत्र वाचवताना माणूस दगावण्याचा धोका त्या सुबक पितळी पंपात होता.

आग कशाला लागली आहे, हा पहिला प्रश्न. तिच्या शेजारी काय आहे, हा दुसरा. दुसरा प्रश्न किती निर्णायक असतो हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी अनुभवले. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही. दुपारी कापसातून धूर दिसला. कापूस हा लाकडासारखाच पाण्याने विझणारा पदार्थ, म्हणून अग्निशमन दलाने पाण्याचा मारा केला. ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. पण दाबून बांधलेल्या गासडीत आग आतल्या आत धुमसते आणि तिचे मूळ सापडत नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

साखर कारखान्याच्या आवारातले बगॅसचे ढीगही असेच आतून तापतात आणि धुमसतात. वरची ज्वाला विझली म्हणजे आग विझली असे होत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ कापणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवायला हवे, कारण त्याच्या यंत्रात जळते ते लाकूडच.

पटेल यांच्या शोधाकडे पुन्हा वळले, की घरातल्या धोक्याचे स्वरूप नीट कळते. त्यांच्या आधीचे वायूंचे लेझर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांवर चालत आणि त्यांची शक्ती अगदी थोडी असे. पटेल यांनी रेणूंच्या कंपनांचा उपयोग केला. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची कंपने कमी ऊर्जेच्या पातळ्यांवर होतात, त्यामुळे दिलेल्या विजेचा मोठा वाटा किरणात उतरतो. नायट्रोजन मिसळल्यावर शक्ती वाढली, हीलियम मिसळल्यावर आणखी वाढली. मिलिवॅटपासून सुरू झालेला किरण काही वर्षांतच १०० वॅटच्या पलीकडे गेला. मे १९६७ मध्ये इंग्लंडच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॅटच्या अशा लेझरला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. लेझर कापणीचा धंदा इथून सुरू झाला. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. लाकूड, कागद, चामडे, ॲक्रिलिक ही लांबी आधाशीपणे शोषतात. म्हणूनच ते चटकन कापले जातात आणि म्हणूनच चटकन पेटतात. ॲक्रिलिकचे तर तापल्यावर वितळून वायूत रूपांतर होते, तो वायू पेट घेतो आणि जळते थेंब खाली ओघळतात. किरण पुढे सरकत राहिला तर ठिणगी मागे विझते. संगणक अडकला, पट्टा निसटला, हवेचा झोत देणारा छोटा पंप बंद पडला, की किरण एकाच जागी थांबतो आणि दोनचार सेकंदांत ज्वाला धरते. खाली जाळीत साचलेले तुकडे आणि धुराच्या नळीत चिकटलेली काजळी हे तिचे पुढचे इंधन. धूर बाहेर काढणारा पंखा भात्याचे काम करतो.

हे यंत्र खेड्यापाड्यांत पोचण्यात पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची सामाईक कार्यशाळा, २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. फॅब लॅबच्या ठरलेल्या साहित्यात लेझर कटर असतो. पुढे २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी पुठ्ठा, प्लायवूड आणि एमडीएफची मागणी वाढली. नक्षी कापून देणारी यंत्रे छोट्या गाळ्यांत आणि घरांतही आली. थर्माकोल गेला हे चांगलेच झाले. मात्र त्याच्या जागी आलेले काम घरात रोज आग हाताळणारे आहे, आणि यंत्र विकत घेताना त्याची आठवण फार थोड्यांना राहते.

बाजारात दिसणारे पर्याय मोजकेच आहेत.

सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा म्हणजे एबीसी पावडरचा सिलिंडर. त्यात मोनोअमोनियम फॉस्फेटची भुकटी असते. लाकूड, तेल, गॅस, तिन्ही आगींवर ती चालते, आणि तापल्यावर वितळून निखाऱ्यावर थर धरते, त्यामुळे धुमसणारे लाकूडही विझते. घर वाचवायला याहून भरवशाचे छोटे साधन नाही. पण ही भुकटी चिकट आणि गंजवणारी आहे. आरसे, भिंग, पट्टे, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या, सगळ्यांत ती शिरते. एवढीशी ज्वाला तिने विझवली तर यंत्र बहुधा कायमचे जाते. या भीतीने माणूस सिलिंडरला हात लावायला कचरतो आणि तेवढ्यात आग मोठी होते, हे त्यातले खरे नुकसान.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला हा दोष नाही. वायू जातो, मागे काही राहत नाही. वीज त्यातून वाहत नाही, आणि लेझरच्या नळीला हजारो व्होल्टचा पुरवठा असल्यामुळे हा गुण इथे महत्त्वाचा ठरतो. झाकण असलेले यंत्र म्हणजे लहानशी बंद पेटी. तिच्यात हा वायू भरून राहतो आणि उत्तम काम करतो. उणीव एवढीच, की तो निखारा थंड करत नाही. वायू विरला की प्लायवूड पुन्हा पेटू शकते, म्हणून विझल्यानंतरही झाकण काही काळ बंद ठेवून लक्ष ठेवावे लागते.

हा वायू माणसालाही गुदमरवतो. दोन किलो वायू मोकळा झाला की सुमारे १.१ घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली सुमारे २८ घनमीटरची असते. म्हणजे सगळा सिलिंडर रिकामा केला तर हवेतले प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि जिवाला तत्काळ धोका म्हणून मानली जाणारी मर्यादा नेमकी तेवढीच आहे. काम झाले की खोलीबाहेर पडायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, लहान मुलांना आत जाऊ द्यायचे नाही. शिवाय कर्ण्यातून बाहेर पडणारा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो. कर्णा उघड्या हाताने धरला तर कातडी भाजते.

तिसरा पर्याय 'क्लीन एजंट' नावाने विकला जातो. त्यामागेही इतिहास आहे. कार्बन टेट्राक्लोराइडनंतर हॅलॉन नावाचे वायू आले. ते थोड्या मात्रेत आग विझवत, डाग ठेवत नसत, आणि संगणककक्षांपासून विमानांपर्यंत पसरले. पण ते ओझोनचा थर खात होते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्यांच्यावर बंधने आली. भारत १९९२ मध्ये करारात सहभागी झाला आणि विकसनशील देशांसाठी हॅलॉन थांबवण्याची मुदत २०१० होती. त्यांच्या जागी आलेले नवे वायू यंत्राला जपतात. एपिलॉगसारख्या लेझर कटर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सूचनापुस्तिकेत अशाच एका वायूची शिफारस केली आहे, आणि एबीसी पावडर चालते पण साफ करणे कठीण जाते असेही सांगितले आहे. अडचण किमतीची आणि पुन्हा भरून मिळण्याची.

अमेरिकी पुस्तिका वाचताना एक गल्लत हमखास होते. तिकडे 'सी' वर्ग म्हणजे विजेची आग. भारतीय मानकांत 'सी' म्हणजे गॅसची आग, आणि विजेला स्वतंत्र अक्षर नाही. वीज तोडली की उरते ती लाकडाची किंवा प्लास्टिकची आग. म्हणून अक्षरापेक्षा सिलिंडरवरची आयएसआय खूण, आयएस १५६८३ हा मानक क्रमांक आणि विजेवरच्या वापराबद्दलची सूचना वाचावी.

एवढा इतिहास जमेस धरला तर सोमेश्वरनगरच्या घरासाठी उत्तर एका सिलिंडरात बसत नाही, दोनांत बसते. यंत्रापाशी दोन किलोचा कार्बन डायऑक्साइड, कारण तो वापरताना हात अडखळणार नाही. खोलीच्या दाराशी, बाहेर पडण्याच्या वाटेवर, दोन किंवा चार किलोची एबीसी पावडर, कारण आग पेटीबाहेर आली की यंत्राचा विचार सोडून घर वाचवायचे असते. यंत्राच्या मागे किंवा वर काहीही टांगू नये. आगीवरून हात नेऊन सिलिंडर काढता येत नाही. ज्वाला दिसली तर आधी आणीबाणीचे बटण दाबून वीज तोडायची, मग पंखा बंद करायचा, झाकण मिटलेले ठेवायचे आणि फटीतून वायू सोडायचा. पहिल्या सिलिंडरात आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडून १०१ किंवा ११२ क्रमांक फिरवायचा. सोमेश्वरनगर मोठ्या शहरापासून दूर आहे. बंब येईपर्यंतचा वेळ हिशेबात धरूनच तयारी करावी लागते.

पीव्हीसी मात्र कोणताही सिलिंडर शेजारी असला तरी या यंत्रात घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना आणि यंत्रालाही खातो.

सोमेश्वरनगरला या वायूची आणखी एक ओळख आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल तयार होते, तेव्हा किण्वनात साखरेच्या प्रत्येक १८० भागांमागे सुमारे ९२ भाग अल्कोहोल आणि ८८ भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. अनेक आसवन्यांत तो गोळा करून, शुद्ध करून, दाबून विकला जातो. म्हणजे सिलिंडरातल्या वायूचे मूळ उसाच्या फडात असणे अगदी शक्य आहे.

सिलिंडर विकत घेतला की काम संपत नाही. पावडरच्या सिलिंडरवर दाबाचा काटा असतो. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरवर बहुधा काटा नसतो, तो वजनानेच तपासावा लागतो. भरलेल्या वायूचे वजन १० टक्क्यांहून अधिक घटले तर पुन्हा भरून घ्यावा. दर पाच वर्षांनी त्याची दाबचाचणी करावी लागते. अशा दाबाखालच्या सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि देशातले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही १९५७ पासून तिथेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, या भागात ट्रॅक्टर, मोटारी आणि अवजारे धुऊन पुसून त्यांची पूजा होते. लेझर कटरलाही हळदकुंकू लागेल. त्याच सकाळी दोन्ही सिलिंडर भिंतीवरून काढून पाहावेत, वायूचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्यावर कोरलेल्या आकड्याशी वजन ताडून घ्यावे, आणि घरातल्या प्रत्येकाला पिन कशी ओढायची ते हातात देऊन दाखवावे.